दर उतरतो १० टक्के, मजुरी ३३ टक्के: घरच्या गोठ्याचा न लिहिलेला हिशेब

गायीच्या दुधाचा दर लिटरमागे ३० रुपयांवरून २७ वर आला की आम्ही बातमीत लिहितो, ‘दरात १० टक्के घट’. गणित बरोबर असतं. पण ज्या घराच्या दावणीला पाच गायी आहेत, त्या घराच्या श्रमाचं मोल याच तीन रुपयांत सुमारे ३३ टक्क्यांनी घसरू शकतं. हे कसं होतं, ते पुढे साध्या आकड्यांत मांडलं आहे. त्याआधी हा गोठा इथपर्यंत आला कसा, हे पाहावं लागेल. घरच्या गोठ्याची आणि मळ्याची गोष्ट आपण सहसा संघांची, संकरित गायींची आणि दुधाच्या महापुराची म्हणून सांगतो. धार काढणाऱ्या हातांची मजुरी त्या गोष्टीत कुठेच लिहिलेली नसते. माझ्या मते आजच्या दूधदराच्या भांडणाचं मूळ या कोऱ्या रकान्यात आहे.

गोठा आणि मळा एकत्र का?

दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही म्हणून. पश्चिम महाराष्ट्रातली जुनी शेती पाहा. खिलार गाय पाळली जायची ती मुख्यतः बैलांसाठी. दूध म्हशीचं. घरात खाऊन उरलेल्या दुधाचं दही, लोणी, तूप व्हायचं आणि ताक शेजारीपाजारी जायचं. ज्वारीचा कडबा, उसाचं वाढं, मक्याची हिरवी वैरण, बांधावरचं गवत, म्हणजे माणसाच्या ताटात न येणारं सगळं जनावराच्या गव्हाणीत जायचं. तिथून शेण बाहेर पडायचं आणि उकिरड्यात कुजून पुन्हा रानात यायचं.

इंजिनिअरिंगच्या भाषेत ही जवळजवळ बंद साखळी आहे. एका टप्प्यावरचा टाकाऊ माल पुढच्या टप्प्याचा कच्चा माल होतो. त्यात पैशाचं वेळापत्रकही बसतं. ऊस पैसे देणार वर्ष-दीड वर्षाने. मेथी-कोथिंबीर महिना-दीड महिन्याने, तीही त्या दिवशी बाजार बरा असेल तर. डेअरीचं बिल मात्र दर दहा दिवसांनी. कित्येक गावांत त्याला सरळ ‘दुधाचा पगार’ म्हणतात. किराणा, शाळेची फी, दवाखाना या पगारावर चालतो.

भाजीचा भरवसा किती, हे २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. जुलैमध्ये शहरांत टोमॅटो किलोला शंभरीच्या पुढे गेला होता. सप्टेंबरमध्ये तोच टोमॅटो उत्पादकांनी रस्त्यावर ओतला. नारायणगावच्या बाजारात क्रेट घेऊन जाणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या घरांमागे गोठाही असतो, तो याचसाठी. बाजारातून आलेल्या पट्टीत हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन काही उरलं नाही, तर दहा दिवसांचं दूध घर सांभाळून घेतं.

दूध गावाबाहेर कधी पडलं?

दूध नासतं, म्हणून ते बराच काळ गावातच राहिलं. शहरं आपली गरज शहरातच भागवत. मुंबईत तबेले होते. कोल्हापुरात तर गंगावेशीसारख्या दूध कट्ट्यांवर म्हैस आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची रीत आजही दिसते. शीतगृह नसलेल्या काळात ताज्या दुधाची यापेक्षा सोपी खात्री नव्हती.

मोठ्या शहराला दूध पुरवायचं तर तीन गोष्टी लागतात: दूध गोळा करणं, ते टिकवणं आणि वेळेवर पोचवणं. सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीचं उदाहरण यासाठी महत्त्वाचं. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये तिथे दुधाचा व्यवसाय सुरू केला. गाव कृष्णाकाठचं, म्हणजे वैरण आणि जनावरं आसपास. शिवाय पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं. १९५० मध्ये या घराच्या पुढच्या पिढीने पुण्यात ‘चितळे बंधू’ हे दुकान काढलं. कुटुंब एकच, पण काही हात दुधाच्या गावात आणि काही गिऱ्हाइकाच्या शहरात. आज बाकरवडीमुळे हे नाव जगभरच्या मराठी घरांत गेलं आहे. त्याचा पाया मात्र दूध आणि गिऱ्हाईक यांच्यामधलं अंतर एकाच घराने आपल्या हाती ठेवलं, हा होता.

सरकारी वाटही याच सुमारास आखली गेली. मुंबईच्या दूधपुरवठ्यासाठी दारा खुरोडी यांनी आरे दुग्ध वसाहत उभी केली. १९४९ पासून शहरातल्या म्हशी तिकडे हलू लागल्या. गुजरातेत खेडा जिल्ह्याचा सहकारी संघ १९४६ मध्ये नोंदला गेला होता, आणि मुंबई हीच त्याची मोठी बाजारपेठ होती. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन या तिघांना मिळून मिळाला. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचं ‘गोकुळ’, स्थापन झालं.

संकरित गायीने घरात काय बदललं?

सगळं वेळापत्रक. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तिथे थांबलेल्या मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ची स्थापना केली. होल्स्टिन आणि जर्सीच्या गोठवलेल्या रेतमात्रा घेऊन प्रशिक्षित माणूस थेट शेतकऱ्याच्या दारात जाऊ लागला. १९७० मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झालं आणि १९९६ पर्यंत चाललं. १९९८ मध्ये भारत जगातला सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश ठरला.

हे यश खरं आहे आणि त्याला कमी लेखायचं कारण नाही. कोरडवाहू गावांत रोजची रोकड पहिल्यांदा याच गायीने आणली. पण दोन लिटर देणाऱ्या गावरान गायीच्या आणि बारा-पंधरा लिटर देणाऱ्या संकरित गायीच्या मागण्या सारख्या नसतात. हिला हिरवी वैरण रोज लागते. सरकी पेंड, कांडी, खनिज मिश्रण विकत आणावं लागतं. उन्हाळ्यात पंखे, फवारे लागतात. माज ओळखायची वेळ चुकली तर गाभण राहण्याचं एक आवर्तन, म्हणजे तीन आठवडे, वाया जातात. कासदाह झाला तर दूध आणि औषध दोन्हीकडून फटका. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा जनावरांचे बाजारच बंद ठेवावे लागले होते.

थोडक्यात, जुनी बंद साखळी उघडली. वैरणीचा काही भाग अजून रानातून येतो, पण पेंड बाजारातून येते. तिचा भाव शेतकऱ्याच्या हाती नाही आणि दुधाचा दरही नाही. या दोन भावांच्या मधली जी फट, तीच घराची कमाई.

दुधाचा दर ठरतो कसा?

डेअरीवर दूध घातलं की यंत्र दोन आकडे सांगतं: फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ. गायीच्या दुधाचा जाहीर दर वर्षानुवर्षं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीसाठी बोलला गेला. आकडे खाली आले की पॉइंटमागे पैसे कापले जातात. ‘आज फॅट लागली नाही’ हे वाक्य गावात पाऊस लागला नाही, या सुरात बोललं जातं.

वरचा दर मात्र दूरवर ठरतो. पिशवीबंद विक्रीपेक्षा जास्त आलेल्या गायीच्या दुधाची भुकटी आणि लोणी होतं. भुकटीचा बाजार पडला की डेअऱ्या खरेदीदर उतरवतात. हिवाळ्यात दूध वाढतं तेव्हा हा दाब आणखी जाणवतो. १९९१ नंतर दुग्धव्यवसाय खासगी उद्योगांना खुला झाला आणि राज्यात गायीच्या दुधाचा मोठा भाग आज खासगी डेअऱ्यांकडे जातो. स्पर्धेमुळे काही वर्षं चांगला दर मिळाला. पडत्या काळात तो धरून ठेवायला मात्र कोणी बांधील नाही. उसाला एफआरपी आहे, १४ दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे. दुधाला असा कायदेशीर आधार नाही.

म्हणून सरकारची भूमिका आग विझवण्यापुरती राहते. जुलै २०१८ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या आंदोलनानंतर २५ रुपये दराचा तोडगा निघाला. जुलै २०२३ मध्ये किमान ३४ रुपये जाहीर झाले. त्याच वर्षी हिवाळ्यात प्रत्यक्ष दर त्याच्या बराच खाली गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. त्यासाठी जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद सक्तीची झाली. गायीला बारा आकडी क्रमांक मिळाला, हे चांगलंच. तिची धार काढणाऱ्या बाईची नोंद मात्र या साखळीत अजून कुठेच नाही.

३ रुपयांत ३३ टक्के कशी जातात?

आता हिशेब. हे सर्वेक्षण नाही, समजायला सोपं पडावं म्हणून घेतलेलं उदाहरण आहे. तुमच्या गोठ्याचे आकडे घालून तुम्हीही करून पाहा.

समजा पाच गायी आहेत. एक भाकड, चार दुधात. रोजचं दूध ५० लिटर. दर ३० रुपये. महिन्याची जमा ४५ हजार रुपये.

पेंड, वैरण, औषधं, रेतन, वीज, पाणी यांवर त्यातले ७० टक्के, म्हणजे ३१,५०० रुपये गेले असं धरू. हाती राहिले १३,५००.

गोठ्यात दोन माणसं राबतात. शेण काढणं, वैरण कापून आणणं, कुट्टी करणं, धारा, डेअरीची खेप, पुन्हा संध्याकाळी तेच. प्रत्येकी दिवसाचे सहा तास धरले, तर महिन्याला ३६० तास होतात. १३,५०० भागिले ३६०, म्हणजे तासाला साडेसदतीस रुपये. आठ तासांच्या दिवसाला ३०० रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता.

आता दर २७ झाला. जमा ४०,५००. गायी खायच्या थांबत नाहीत, खर्च तोच ३१,५००. हाती ९,०००. तासाला २५ रुपये, दिवसाला २००.

दर १० टक्क्यांनी उतरला, मजुरी एक तृतीयांशाने. उलटही खरं आहे. तीनच रुपये वाढले तर हीच मजुरी दिवसाला ४०० होते. खर्च घट्ट असला की दरातला सगळा धक्का शिलकीवर येऊन आदळतो, आणि या गोठ्याची शिलक म्हणजे कुटुंबाची मजुरीच असते.

या हिशेबात गायींची किंमत, गोठ्याचं बांधकाम, कर्जाचं व्याज धरलेलं नाही. गाय दगावली तर काय, हेही नाही. शेणखताचे पैसेही धरलेले नाहीत, ती जमेची बाजू. आणि महिन्याचे तीसही दिवस कामाचे आहेत. गायीला रविवार नसतो.

मग एवढी वर्षं हे चाललं कसं?

कारण १३,५०० ला कोणी मजुरी म्हणत नव्हतं. ‘दुधात महिन्याला तेरा-चौदा हजार सुटतात’ असं म्हणत होते. सुटलेले पैसे म्हणजे नफा, असा आपला समज. घरच्या माणसाचे हात फुकट धरले, तरच तो नफा असतो.

या फुकट धरलेल्या हातांत बाईचे हात अधिक. सरकारच्या श्रमबळ सर्वेक्षणात त्यांच्यासाठी एक वर्ग आहे: घरच्या व्यवसायात मदत करणारे, नियमित मोबदला न घेणारे. ‘मदत’ या शब्दाची गंमत बघा. पहाटेची धार तिची, शेण-झाडलोट तिची, वासराचं दूध तोडणं तिचं, दुपारी भाजी खुडून जुड्या बांधणं तिचं. पण अनेक गावांत दूध संस्थेचा सभासद तो, बिल जमा होणारं खातं त्याचं, आणि मळ्याच्या सातबाऱ्यावर नावही त्याचंच. म्हणजे ज्याला आपण कुटुंबाचा व्यवसाय म्हणतो, त्यातली मुख्य कामगार कागदोपत्री मदतनीस आहे.

स्वस्त दुधाचं श्रेय आपण तंत्रज्ञानाला देतो, सहकाराला देतो. ते आहेच. पण शहरातल्या प्रत्येक पिशवीत या न मोजलेल्या तासांचं अनुदान मिसळलेलं आहे. सरकारचं अनुदान बातमीत येतं, हे येत नाही.

पिकांना जो हिशेब लागू आहे, तो दुधाला का नाही?

हा माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा. दुकानातलं ‘ए२’ दूध तुम्ही ऐकलं असेल. कृषिमूल्य आयोगाचाही एक ‘ए२’ असतो, तो वेगळा. पीक घेताना शेतकऱ्याने खिशातून केलेला खर्च म्हणजे ए२. त्यात कुटुंबाच्या श्रमाचं मूल्य मिळवलं की होतं ‘ए२ अधिक एफएल’. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरलं की ‘सी२’. हमीभाव ‘ए२ अधिक एफएल’च्या किमान दीडपट असावा हे केंद्राने २०१८-१९ पासून धोरण म्हणून स्वीकारलं. स्वामिनाथन आयोगाची दीडपट सी२ वर हवी, हा वाद अजून चालू आहे.

तो वाद बाजूला ठेवा. त्यातली मान्य झालेली गोष्ट पाहा. सोयाबीनच्या हिशेबात घरच्या माणसाची मजुरी धरायची, हे सरकारला मान्य आहे. मग त्याच घरातल्या, त्याच बाईच्या, गोठ्यातल्या तासांचं काय? सोयाबीन खुरपताना तिचा हात मोलाचा आणि धार काढताना बिनमोलाचा, असं कसं चालेल?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: दर कायद्याने बांधला तर डेअऱ्या दूध नाकारतील. ही भीती रास्त आहे. रोज नासणारा माल सरकारने विकत घेऊन कोठारात ठेवता येत नाही. म्हणूनच दूधदराची हमी हे एका ओळीचं उत्तर नाही. पण खर्च जाहीर करायला कोठार लागत नाही. उसाच्या, कापसाच्या भांडणात निदान दोन्ही बाजूंना एक अधिकृत आकडा ठाऊक असतो. दुधात तोही नसतो, त्यामुळे अनुदान पाच रुपये का, तीन किंवा आठ का नाही, याचं उत्तर कोणी देत नाही.

दुसरा आक्षेप: घरच्यांनी स्वतःच विकावं, मधले दलाल काढावेत. भिलवडीची गोष्ट यासाठी नेहमी सांगितली जाते, आणि आता काचेच्या बाटलीतून घरपोच दूध देणाऱ्या नव्या उद्योगांची. त्यातून शिकण्यासारखं आहेच: कमाई धारेत कमी आणि धारेनंतरच्या कामात जास्त असते. पण रतीब घालायला शहर जवळ हवं, गाडी हवी, थंड साखळी हवी आणि मुख्य म्हणजे घरात आणखी दोन हात हवेत. ज्या घराचे हात आधीच संपले आहेत, त्याला ‘ब्रँड काढा’ हा सल्ला देणं सोपं आहे. पन्नास लिटरवाल्या प्रत्येकाचा ब्रँड होणार नाही, व्हायची गरजही नाही. त्याला डेअरीच्या काट्यावरच रास्त मजुरी मिळायला हवी.

काय करता येईल?

तीन गोष्टी, आणि तिन्ही आवाक्यातल्या.

एक, राज्याने दर सहा महिन्यांनी, विभागवार, गाय आणि म्हशीच्या दुधाचा उत्पादन खर्च जाहीर करावा आणि त्यात कुटुंबाची मजुरी वेगळ्या ओळीत दाखवावी. राज्यात कृषी आणि पशुविज्ञान विद्यापीठं आहेत, त्यांना हे काम नवं नाही. अनुदानाचा आकडा या ओळीवरून ठरावा.

दोन, कानातल्या बिल्ल्याची नोंद करताना जनावर सांभाळणाऱ्या व्यक्तीचंही नाव लिहावं आणि दुधाचं बिल तिच्या किंवा दोघांच्या खात्यात जावं. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला होता, तोही याच महाराष्ट्रात. त्यापुढे दुधाचं खातं ही लहान गोष्ट आहे.

तीन, गावच्या डेअरीतलं फॅटचं यंत्र आणि वजनकाटा यांची नियमित, बाहेरच्या यंत्रणेकडून तपासणी व्हावी आणि तिची तारीख भिंतीवर लागावी. वर पाहिलंच आहे की दरातला छोटा फरक मजुरीत तिप्पट होऊन बसतो. चुकीच्या पॉइंटचंही तसंच होतं.

नाही केलं तर?

गोठे एकदम बंद पडणार नाहीत. ते एकेक करून कमी होतील, आणि तेही घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी हा भागाकार केला म्हणून. तासाला पंचवीस रुपये हे उत्तर ज्याला मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दिसलं, तो शहरातली बारा-पंधरा हजारांची नोकरी धरतो, कारण तिथे सुट्टी तरी असते. मागे राहतात वयस्क माणसं. मग पाच गायींच्या दोन होतात, दोनाची एक, आणि एक दिवस दावण रिकामी होते. गोठा गेला की शेणखत जातं, मळ्याला विकतचं खत लागतं, आणि टोमॅटो पडला की घर सांभाळणारा दहा दिवसांचा पगारही गेलेला असतो.

त्यांची जागा शंभर-दोनशे गायींचे मोठे गोठे घेतील, असं म्हणणारे आहेत. घेतीलही काही. पण मोठ्या गोठ्याला मजूर पगारावर ठेवावे लागतात, आणि तो पगार दुधाच्या किमतीत धरावाच लागतो. म्हणजे आज आपण घरच्या गोठ्याला जी मजुरी नाकारतो आहोत, ती उद्या परक्या गोठ्याला मुकाट्याने देऊ. द्यायचीच असेल, तर आज जी बाई पहाटे कासंडी घेऊन उठते, तिला का देऊ नये?